पदार्थवैज्ञानिकाचे अध्यात्म

वाशी, नेरुळ, बेलापूर या क्रमाने खाडीकाठाने पसरत गेलेल्या नव्या मुंबईच्या समोर, पैलतीरावर, ट्रॉम्बेचा डोंगर उभा आहे, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सारी हयात खर्ची घालून निवृत्त झालेली अनेक कुटुंबे आज खाडीच्या अलीकडे कायमची स्थायिक झाली आहेत. 1970 सालच्या मार्च महिन्यात ही नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, तेव्हा ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी सुरू होऊन तेरा वर्षे उलटून गेली होती. म्हणजे हे नगर समोरच्या अणुभट्टीहून वयाने धाकटे आहे. अशा नगरातील वाचनालयांत, ज्येष्ठ नागरिक संघांत आणि वसंत व्याख्यानमालांत ‘विज्ञान आणि अध्यात्म’ हा विषय वरचेवर निघावा यात नवल नाही. परंतु अशा व्याख्यानाला जमलेला श्रोता मनात एक ठराविक अपेक्षा बाळगून आलेला असतो, आणि ती अपेक्षाच मला चिंतनीय वाटते. न्यूट्रॉन आणि प्लुटोनियम यांच्याशी ज्याने चाळीस वर्षे व्यवहार केला, त्या माणसाने व्यासपीठावरून एकदा सांगावे की आमचे समीकरण आणि तुमचे उपनिषद अखेरीस एकाच ठिकाणी पोचते, ही ती अपेक्षा. श्रोत्यांना पदार्थविज्ञान ऐकायचे नसते आणि वेदान्तही ऐकायचा नसतो. एकाने दुसऱ्याला दिलेली सनद पाहायची असते.

अशी सनद देण्याचा अधिकार पदार्थविज्ञानाला नाही, ती मागण्याची गरज अध्यात्माला नाही, आणि तिच्या देवघेवीत जो खरा प्रश्न विचारायचा तो राहून जातो, असे माझे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी मी डॉ. राजा रामण्णा यांचे चरित्र समोर ठेवतो, कारण विज्ञान, संगीत, संस्कृत विद्या आणि तत्त्वचिंतन ही चारही एका आयुष्यात इतक्या गंभीरपणे एकत्र आल्याचे उदाहरण आपल्याकडे विरळा आहे. जन्माने ते कर्नाटकातले, पण त्यांच्या कर्तृत्वाचा फार मोठा भाग मुंबईत आणि ट्रॉम्बेत घडला. म्हणून या खाडीकाठच्या माणसांना त्यांचा विचार परक्याचा वाटू नये.

रामण्णांचा जन्म 28 जानेवारी 1925 रोजी तुमकूर येथे, जुन्या म्हैसूर संस्थानात झाला. बालपणीच त्यांचा हात पियानोवर बसला आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले. होमी भाभांशी त्यांची पहिली गाठ 1944 साली पडली, तीसुद्धा पदार्थविज्ञानाच्या नव्हे, संगीताच्या क्षेत्रातील एका परीक्षकाच्या ओळखीतून. ही गोष्ट मला चरित्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते, कारण स्वतः चित्रे काढणारे, बेथोवनच्या सिंफनींत रमणारे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींवर समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे लावण्याची तजवीज करणारे भाभा ज्या तरुणाच्या शोधात होते, तो निव्वळ गणिती असून भागणारा नव्हता. पुढे लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून रामण्णा 1949 साली टाटा संस्थेत दाखल झाले. 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ प्रथम कार्यान्वित झाली, त्या कामात ते होते. अणुभट्टीतील वेगवान न्यूट्रॉन सभोवारच्या पदार्थावर आदळत आदळत कसे मंद होतात, आणि युरेनियमचे केंद्रक दुभंगताना त्याचे दोन तुकडे असमान का होतात, या प्रश्नांवर त्यांनी मूलगामी संशोधन केले. 1957 साली सुरू झालेल्या अणुवैज्ञानिकांच्या प्रशिक्षणशाळेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि आज नव्या मुंबईत राहणाऱ्या कित्येक निवृत्त वैज्ञानिकांचा नोकरीतील पहिला दिवस त्याच शाळेत उगवलेला आहे. 1972 साली ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. 1974 सालच्या पोखरण येथील स्फोटाची वैज्ञानिक सूत्रे त्यांच्या हाती होती. 1983 ते 1987 या काळात ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. 1990 साली संरक्षण खात्याचे राज्यमंत्री झाले. या सगळ्या जबाबदाऱ्या वाहत असताना त्यांचा पियानो सुटला नाही, संस्कृत सुटले नाही, भारतीय दर्शनांचा व्यासंग सुटला नाही. 1991 साली त्यांचे आत्मचरित्र निघाले आणि त्याच्या इंग्रजी शीर्षकातच आयुष्याला त्यांनी तीर्थयात्रा म्हटले. 1993 साली राग आणि पाश्चात्त्य स्वरपद्धती यांच्या रचनेची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 24 सप्टेंबर 2004 रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

असे चरित्र वाचले की आपल्याकडील सामान्य वाचकाचे मन लगेच एका निष्कर्षाकडे धावते: एवढा मोठा पदार्थवैज्ञानिक तत्त्वज्ञानाकडे वळला, त्या अर्थी विज्ञानाला तेथे काहीतरी सापडले असले पाहिजे. हा निष्कर्ष तर्कदृष्ट्या निराधार आहे, आणि इतिहासाचे दफ्तर उघडले तर तो घातकही ठरलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रकाशलहरींना वाहून नेणारा ईथर नावाचा सर्वव्यापी सूक्ष्म पदार्थ विश्वात भरून राहिला आहे, असे युरोपातील पदार्थविज्ञान मानत होते. थिऑसफीच्या पुरस्कर्त्यांनी आणि त्यांच्या मागोमाग आपल्याकडील अनेक विद्वानांनी हा ईथर म्हणजेच आपले आकाशतत्त्व, असा पुकारा केला. 1896 साली खुद्द स्वामी विवेकानंदांना आशा वाटली होती की अमेरिकेतील निकोला टेस्ला हे गणिताने जडद्रव्य आणि शक्ती यांची एकरूपता सिद्ध करतील आणि मग वेदान्ताची विश्वरचना पक्क्या पायावर उभी राहील. त्यांनी तसे पत्रात लिहिलेही. टेस्लांच्या हातून ती सिद्धता झाली नाही. इकडे 1887 सालच्या मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगाने ईथरविषयी शंका उपस्थित केलीच होती; 1905 साली आइन्स्टाइन यांनी त्याची आवश्यकताच उरू दिली नाही. ज्यांनी आकाशतत्त्वाची खुंटी ईथरमध्ये ठोकली होती, त्यांची भिंतच नाहीशी झाली. विवेकानंदांच्या अनुभवाचा अधिकार त्यामुळे तिळमात्र कमी झाला नाही, कारण तो मुळात टेस्लांच्या गणितावर उभा नव्हताच. मग तो तेथे नेऊन उभा करण्याचा खटाटोप कशासाठी होता?

विसाव्या शतकात हाच प्रकार विश्वोत्पत्तीच्या बाबतीत झाला. फ्रेड हॉइल आणि त्यांचे शिष्य जयंत नारळीकर हे ज्या स्थिरस्थिती विश्वाचा पुरस्कार करीत होते, त्या विश्वाला आदी नव्हता आणि अंतही नव्हता. तेव्हा ‘अनादी, अनंत’ हे आमचे जुनेच सूत्र आहे, असे म्हणणे सोपे होते. 1965 साली अवकाशातून सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले, बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या पक्षाला गेले, आणि मग हिरण्यगर्भाची आठवण काढणेही तितकेच सोपे झाले. जे मत दोन परस्परविरुद्ध सिद्धान्तांपैकी कोणत्याही एकाशी सारख्याच सहजतेने जुळते, त्याला त्या सिद्धान्ताने पाठिंबा दिला असे म्हणता येत नाही. नारळीकरांचे घर या प्रश्नाच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे होते: वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि सापेक्षतावादाचे अभ्यासक, आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. अशा घरात वाढलेल्या माणसाने प्राचीन वाङ्मयाविषयी आदर बाळगला. पण प्राचीनांना आधुनिक विज्ञान अवगत होते असा दावा कोणी केला की त्याच्याकडे पुरावाच मागितला. पुण्यात 2008 साली त्यांनी नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, तीत 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील 40 तपासण्यास दिल्या. 27 ज्योतिषांची उत्तरे आली, आणि नाणे उडवून जेवढे यश लाभेल त्याहून अधिक त्यांना लाभले नाही. वडिलांचे गणित आणि आईचे संस्कृत यांपैकी कशाचाही अवमान त्यात झाला, असे मला वाटत नाही.

आजकाल सनद मागण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे पुंजयामिकी, आणि तीतील ‘निरीक्षक’. निरीक्षण केल्याने इलेक्ट्रॉनची अवस्था बदलते, म्हणून चैतन्य जडावर सत्ता गाजवते, म्हणून ब्रह्म सत्य आणि जगत् मिथ्या, अशी ही साखळी एका दमात म्हटली जाते. तिची पहिलीच कडी कच्ची आहे. पुंजयामिकीच्या प्रयोगात निरीक्षण म्हणजे इलेक्ट्रॉनचा एखाद्या मोठ्या यंत्राशी असा संयोग की ज्याची कायमची खूण मागे राहते. ती खूण छायाचित्राच्या काचेवर उमटली काय किंवा गायगर गणकाने नोंदली काय, खोलीत मनुष्य नसला तरी ती नोंद होतच राहते. मापनाचा प्रश्न तत्त्वतः सुटला आहे असे मी म्हणत नाही. त्यावर मोठ्या विद्वानांत आजही तीव्र मतभेद आहेत. परंतु जो प्रश्न पदार्थविज्ञानाच्या घरातच अनिर्णित आहे, त्याचा फैसला झाला असे गृहीत धरून शेजारच्या घरात मालकी सांगणे सचोटीचे नव्हे. एर्विन श्रोडिंगर यांचा दाखला येथे नेहमी दिला जातो. त्यांनी 1926 साली तरंगसमीकरण मांडले, आणि वेदान्ताचे ते आयुष्यभर निष्ठावान वाचक होते. त्यांच्या 1944 सालच्या ‘व्हॉट इज लाइफ’ या पुस्तकाचा उपसंहार उपनिषदांकडे वळतो. परंतु तो उपसंहार ग्रंथाच्या प्रतिपादनापासून त्यांनी जाणीवपूर्वक निराळा ठेवला, हे सांगण्यास आपले वक्ते विसरतात. तरंगसमीकरण बरोबर ठरले ते हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचे स्थान त्यातून अचूक निघाले म्हणून. त्याच्या कर्त्याने रात्री काय वाचले होते, त्याच्याशी त्या रेषांचा काही संबंध नाही.

अध्यात्माच्या बाजूने पाहिले तर ही सनद केवळ अनावश्यक नाही, ती कमीपणा आणणारी आहे. आपल्या परंपरेतील थोर आचार्यांना प्रमाणांच्या अधिकारक्षेत्राची जाणीव आपल्यापेक्षा कितीतरी अधिक सूक्ष्म होती. जे प्रत्यक्षाच्या कक्षेतले आहे त्यात श्रुतीचेही चालत नाही, हे शंकराचार्यांनी गीताभाष्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आणि ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त तर याही पुढे जाऊन, आपण जे म्हणतो ते शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले आहे म्हणून आपण म्हणत नाही, त्यांनी ते म्हटले नसते तरी ते तसेच असते, असा निर्भय पवित्रा घेतला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस हा कोवळ्या वयाचा पुरुष प्रत्यक्ष देवाच्या शब्दाची साक्ष नाकारून अनुभवाच्या स्वयंसिद्धतेवर उभा राहतो, आणि विसाव्या-एकविसाव्या शतकातील आपण त्याच्याच ओव्यांना युरोपातील एखाद्या पदार्थवैज्ञानिकाच्या विधानाचा टेकू शोधत हिंडतो! ही अध्यात्मावरील श्रद्धा नव्हे; साहेबाने मान्यता दिल्याखेरीज आपली कोणतीही वस्तू खरी मानायची नाही, हा जो अव्वल इंग्रजी अमदानीपासून अंगात मुरलेला संस्कार, त्याचेच हे सोवळे नेसलेले रूप आहे.

मग पदार्थवैज्ञानिकाची सांस्कृतिक अभिरुची ही निव्वळ खाजगी करमणूक समजायची काय? तसे मी मुळीच म्हणत नाही. संस्कृती आणि विज्ञान यांचा फलदायी संबंध जेथे घडला, तेथे तो सनदेच्या मार्गाने घडला नाही, प्रश्नाच्या मार्गाने घडला. आणि याचे सर्वोत्तम उदाहरण तंबोऱ्याच्या जवारीत आहे. तार एखाद्या ठिकाणी छेडली म्हणजे त्या बिंदूशी ज्या उपस्वरांचा निस्पंद पडतो ते उपस्वर निर्माण होऊ नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिले की आपला तंबोरा आणि वीणा हा नियम पाळीत नाहीत: तेथे नसावेत ते उपस्वर कानाला स्पष्ट ऐकू येतात. कारण घोडीची बैठक किंचित बाकदार असते, तंबोऱ्यात तीवर तार आणि घोडी यांच्यामध्ये रेशमाचा किंवा सुताचा दोरा सरकवून अशी जागा साधलेली असते की कंपणारी तार प्रत्येक आवर्तनात घोडीला हलके स्पर्श करीत राहते, आणि त्या स्पर्शाने ऊर्जा वरच्या उपस्वरांत वाटली जाते. तबल्या-मृदंगाच्या शाईचेही तसेच: नुसत्या ताणलेल्या गोल कातड्याचे उपस्वर एकमेकांशी सुरेल प्रमाणात नसतात, मधोमध चढवलेल्या लेपाने त्यांना सुरेल केले आहे, हे रामन यांनी 1920 साली सांगितले. पंढरपूरच्या बाजूचे कडू भोपळे आणून मिरजेच्या कारागिरांनी जी वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या घडवली, त्या कारागिरांच्या बोटांना हे ठाऊक होते. रामन यांना ते ऐकू आले, कारण त्यांचा कान त्या संगीतात घडलेला होता. आणि सिद्ध करता आले, कारण त्यांनी कानाच्या साक्षीवर न थांबता तारेच्या कंपनांचे मापन केले. संस्काराने येथे उत्तर पुरवले नाही. जो प्रश्न दुसऱ्या कोणाच्या ध्यानीही आला नसता, तो प्रश्न पुरवला.

महाराष्ट्रात हेच काम सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी केले. बावीस श्रुतींविषयी ग्रंथांवर ग्रंथ रचले गेले होते. देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणारे स्वर तारेच्या लांबीवर मोजून पाहिले आणि 1910 साली आपले निष्कर्ष इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध केले. एखादा पंचम शुद्ध हवा असेल तर त्याचे मूळ षड्जाशी प्रमाण तिनास दोन असले पाहिजे. पण असे बारा पंचम एकावर एक चढवले की मूळ स्वराच्या 129.75 पट जागी आपण पोचतो, आणि सात सप्तके चढली तर 128 पट. हा सुमारे 1.4 टक्क्यांचा फरक निसर्गातच आहे. पाश्चात्त्य पियानोने तो बारा पट्ट्यांत समान वाटून घेतला आणि आपल्या गायकांनी रागागणिक निराळा निकाल लावला. लहानपणापासून पियानोवर बोटे चालवलेल्या रामण्णांना राग आणि पाश्चात्त्य स्वरपद्धती यांची तुलना आयुष्याच्या उत्तरकाळात हाती घ्यावीशी वाटली, ती याच भूमीवर. आणि माझ्या मते विज्ञान व संस्कृती यांच्या मीलनाचा त्यांच्या आयुष्यातील खराखुरा पुरावा शोधायचा तर तो तेथे शोधावा, त्यांच्या तात्त्विक व्याख्यानांत नव्हे.

येथे थोडे अवांतर होईल, पण नव्या पनवेलीत ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे तिच्या पूर्वेतिहासातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ही संस्था कुलाब्याच्या वेधशाळेतून वाढली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या ध्यानात आले की ट्रामच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकसूचीचे वेध दूषित होतील; म्हणून त्यांनी 1904 साली अलिबागेस नवी वेधशाळा सुरू केली, आणि जुन्या नोंदींचा धागा तुटू नये म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणचे वेध बरोबरीने घेतले. आपल्या इच्छा, अभिमान आणि भक्ती यांचे प्रवाह आपल्या मोजमापाजवळून वाहत असतात. भक्ती बंद करावी असे कोणी म्हणत नाही. ट्राम ही शहराची गरजच होती. वेध मात्र अलिबागेस नेऊन घ्यावे लागतात.

आता जो खरा प्रश्न राहून जातो असे मी आरंभी म्हटले, त्याकडे येतो. पदार्थविज्ञानाला अध्यात्माचा पुरावा होता येत नसेल, तर पदार्थवैज्ञानिकाच्या आयुष्यात अध्यात्माने करावे तरी काय? माझे उत्तर असे की त्याने माणसाचा निर्णय घडवावा; आणि अणुवैज्ञानिकाच्या आयुष्यात निर्णयाचा क्षण कोणता, हे शोधत बसावे लागत नाही. 18 मे 1974 रोजी सकाळी आठच्या सुमारास पोखरण येथे भूमिगत स्फोट झाला. त्यातील प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ या अणुभट्टीत, म्हणजे नेरुळच्या किनाऱ्यावरून समोर पाहावे त्या डोंगराच्या कुशीत, तयार झाले होते, आणि ती अणुभट्टी कॅनडाने शांततामय उपयोगासाठी म्हणून दिलेली होती. बुद्ध हसला, असा संकेत दिल्लीस गेला अशी आख्यायिका आहे, आणि तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता असे तेव्हापासून आजतागायत छापले जाते. त्या वर्षाचे पंचांग कोणीही उघडून पाहावे: वैशाखी पौर्णिमा 6 मे रोजी होऊन गेली होती, आणि 18 मे रोजी अमावास्या अवघ्या तीन-चार दिवसांवर आली होती. चंद्र आकाशात कोठे होता हे ठरवण्यास कोणत्याही दर्शनाचा आधार लागत नाही. तरीही विज्ञानाच्या पराक्रमाला पावित्र्याची झळाळी हवी होती, म्हणून एका शिकलेल्या देशाने पौर्णिमा बारा दिवस पुढे ढकलली. सनदेचा हव्यास दोन्ही दिशांनी कसा काम करतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या स्फोटाला सरकारने शांततामय अणुस्फोट म्हटले. रामण्णांनी 1997 साली, म्हणजे तेवीस वर्षांनी, तो बॉम्बच होता, त्यात शांततामय असे फारसे काही नव्हते, असे जाहीरपणे सांगितले. अधिकारपदाच्या गोपनीयतेचे बंधन त्यांच्यावर होते, देशाच्या संरक्षणाची जोखीम त्यांच्या शिरावर होती, आणि चीनने 1964 सालीच आपला स्फोट केलेला होता. या सर्व गोष्टी ध्यानात घेऊनही, ज्याचा सत्यविषयक चिंतनाचा व्यासंग एवढा दीर्घ, त्याच्या त्या चिंतनाने या तेवीस वर्षांत अंतर्यामी कोणता व्यवहार केला, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. मी हा आरोप म्हणून लिहीत नाही. शस्त्र धारण करणे हे आपल्या परंपरेत स्वतःच पाप मानलेले नाही. गीतेचा उपदेशच मुळी रणांगणावरचा आहे, आणि स्वधर्म म्हणून अण्वस्त्राचे समर्थन करणारा मनुष्य प्रामाणिक असू शकतो. माझे म्हणणे इतकेच की अध्यात्मप्रवण वैज्ञानिकाचे अध्यात्म कसाला लागायचे ते ह्या ठिकाणी. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी बर्कले येथे आर्थर रायडर यांच्यापाशी संस्कृत शिकून गीता मुळातून वाचली होती, आणि 16 जुलै 1945 च्या पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी त्यांना तिचे स्मरण झाले, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. चार वर्षांनी हायड्रोजन बॉम्बच्या निर्मितीस त्यांनी विरोध केला आणि 1954 साली त्याची जबर किंमत मोजली, हे मात्र त्याच अभिमानाने आपण सांगत नाही. वस्तुतः गीता वाचणाऱ्याच्या दृष्टीने स्मरणाहून निर्णय अधिक महत्त्वाचा.

आपल्याकडे याच प्रश्नाला निराळे उत्तर देणारा एक मनुष्य भाभांच्याच संस्थेत होता, आणि तो आमच्या मराठी मुलखाचा होता. गोव्यातील घर सोडून बुद्धाच्या शोधार्थ निघालेले आणि पाली विद्येचे महापंडित म्हणून कीर्ती पावलेले धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिती. 1940च्या दशकाच्या मध्यापासून 1962 पर्यंत ते टाटा संस्थेत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. हजारो नाणी तराजूत तोलून, वापराने झिजलेल्या वजनावरून त्यांचा काळ ठरवण्याची रीत घातली. कार्ल्याच्या लेण्यांच्या वाटेने पायी हिंडून ग्रामदेवतांची ठाणी नोंदवली. संस्कृतीकडे मोजमापाच्या नजरेने पाहण्याचा याहून थोर नमुना मराठी माणसाजवळ नाही. त्यांना अध्यात्म मान्य नव्हते. ते मार्क्सवादी होते. परंतु वडिलांकडून आलेल्या बौद्ध करुणेचे काहीतरी त्यांच्यात उतरले असावे असे मला वाटते, कारण अण्वस्त्रांना विरोध करणाऱ्या शांतता चळवळीत ते उघडपणे वावरले, आणि सूर्यप्रकाश मुबलक असलेल्या या देशाने अणुशक्तीऐवजी सौरशक्तीवर भर द्यावा असे, ज्या संस्थेतून देशाचा अणुकार्यक्रम उगवला तिच्यातच बसून, ते सांगत राहिले. 1962 साली त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. अध्यात्म बोलणाऱ्याने एक निर्णय घेतला आणि अध्यात्म नाकारणाऱ्याने दुसरा. यांत कोणता बरोबर, यावर मतभेद होणारच. माझे स्वतःचे मन ऊर्जेच्या प्रश्नावर रामण्णांच्या बाजूला आणि शस्त्राच्या प्रश्नावर कोसंबींच्या बाजूला कलते. पण दोघांपैकी कोणाच्याही श्रद्धेवरून त्याच्या निर्णयाचा अंदाज आधी बांधता आला नसता, एवढे तरी या जोडचरित्रावरून स्पष्ट व्हावे.

1988 साली बंगळूरला राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था सुरू झाली आणि रामण्णा तिचे पहिले संचालक झाले. जे. आर. डी. टाटांच्या पुढाकारातून निघालेल्या या संस्थेत वैज्ञानिक, प्रशासक, उद्योजक, तत्त्वज्ञानाचे आणि कलांचे अभ्यासक यांना एका मेजाभोवती बसवावे, असा हेतू होता. आमच्या नव्या मुंबईत अशा बैठकीला लागणारी माणसे सोसायटी-सोसायटीत आहेत: कोणी ‘ध्रुव’ अणुभट्टीवर काम केले, कोणी आरोग्यभौतिकी विभागात किरणोत्साराचे हिशेब ठेवले, कोणी भजनी मंडळात पेटी वाजवतो, कोणी पहाटे ‘अमृतानुभवा’चे नित्य वाचन करतो, आणि पुष्कळदा ही सगळी कामे एकाच गृहस्थाने केलेली असतात. त्यांना व्यासपीठावर बोलावून ‘आधुनिक विज्ञानाने वेदान्त सिद्ध केला’ हे एकच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकण्यात त्यांच्या अनुभवाचा अपव्यय आहे. त्यांना विचारावे की 1974 साली ती बातमी ऐकली तेव्हा तुमच्या मनात काय आले; चेर्नोबिलच्या वेळी, 1986 साली, कामावर जाताना काय आले; 1998 साली पुन्हा स्फोट झाले तेव्हा मत बदलले होते काय; ज्या ग्रंथाचे तुम्ही नित्य वाचन करीत होता, त्याने त्या रात्री तुम्हाला काही सांगितले काय, की तो मिटलेलाच होता. त्या पिढीची संख्या दरवर्षी कमी होत आहे, आणि ही उत्तरे कोणत्याही सरकारी दफ्तरात नोंदलेली नाहीत.